बसूचाचा आणि आमची जुनी गाडी

बसूचाचा उभ्याने कधी भावाचं बोलले नाहीत. मेथीची जुडी घ्यायची असली तरी आधी भाजीवालीच्या शेजारी रिकाम्या पोत्यावर टेकायचे. गाड्यांच्या शोरूममध्ये तर हे फारच उठून दिसायचं. काचेचं दार उघडून आत पाऊल टाकलं की टाय लावलेली माणसं "या सर, कोणतं मॉडेल बघायचं" करत पुढं यायची. चाचा त्यांच्याकडं बघून हसायचे, डोक्यावरची जाळीची टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "बसू की थोडं." मग खुर्ची ओढून जे बसायचे ते दोन-तीन तास हलायचे नाहीत. "उभा माणूस लवकर हो म्हणतो," ते मला एकदा म्हणाले होते. "त्याचे पाय दुखत असतात. बसलेल्याला कसली घाई?"

त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव इमामसाब शेख. पण 'बसू की थोडं' म्हणणारे चाचा ते बसूचाचा. नवख्या माणसाची यात पंचाईत व्हायची, कारण आमच्या सोलापुरात बसू हे लिंगायत घरातलं नाव. बसवराजचा बसू होतो. त्याला चाचा कसं काय जोडलं, असं मीही पहिल्यांदा विचारलं होतं. चाचांना मात्र हे नाव आवडायचं. "अक्कलकोटकडची माणसं मला आपल्यातला समजून कन्नडमध्ये बोलतात," ते म्हणायचे. "मी पण बोलतो. माझं काय जातं?"

भवानी पेठेत त्यांचं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढीच जागा. भिंतीला रेक्झिनचे तागे उभे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, आणि मध्ये जाड सुईची काळी मशीन. पाटीवरचं नाव उन्हानं उडून गेलेलं, फक्त 'कुशन' एवढं वाचता यायचं. त्यांची स्वतःची गाडी कधीच नव्हती, एक जुनी स्कूटर होती. पण नवी गाडी घेतली की माणूस कव्हरं शिवायला त्यांच्याकडं यायचा आणि जुनी गाडी किती कमी भावात गेली ते सांगायचा. चाचा वर्षानुवर्षं हे ऐकून हळहळायचे. शेवटी एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "पुढच्या वेळी मला घेऊन जा." त्यानं खरंच नेलं, आणि तेव्हापासून पायंडा पडला. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असली की पेठेतली माणसं आधी बसूचाचांची सवड विचारायची.

या कामाचा एक रुपयाही ते घेत नसत. फुकट येतो असं मात्र म्हणू द्यायचे नाहीत. "फुकट न्हाई बरं का. कव्हरं माझ्याकडंच शिवायची, आणि पैसे पूर्ण द्यायचे. तितं घासाघीस चालणार न्हाई." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. तो खरोखरच करार होता.

मला त्यांची ओळख करून दिली आमच्या शाळेतल्या पवार सरांनी. मी मंद्रूपच्या शाळेत शिकवते. सर आमचे खेळाचे शिक्षक. त्यांची गाडी बदलायची होती आणि सोबत म्हणून मी गेले होते. चाचांची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी. मला वाटलं होतं, नव्या गाडीत खोट काढतील, दुसऱ्या कंपनीची गाडी कशी चांगली आहे ते ऐकवतील. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. उलट गाडीचं दार दोनदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाले, "दार चांगलं लागतंय." बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "चाचा, तुम्ही तर त्यांच्या मालाची तारीफच करत होता." चाचा म्हणाले, "मालाला नाव ठेवलं की माणूस दुखावतो. दुखावलेला माणूस पैसे सोडत न्हाई, सर."

त्या शोरूममध्ये लावण्या नावाची एक बाई विक्रीचं काम बघायची. दिवसभर उभी. चाचांनी तिला घर कुठं विचारलं. तिनं विणकरांच्या वस्तीचं नाव सांगितलं, तसे चाचा तेलुगूत शिरले. "कूर्चो अम्मा," म्हणून त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची पुढं केली. ती इकडंतिकडं बघत बसली. तिचे वडील टॉवेलच्या मागावर होते. चाचांचं लहानपण तसल्याच मागांच्या खडखडाटात गेलेलं. अर्धा तास दोघं काय बोलत होते ते सरांना आणि मला कळलं नाही. शेवटी ती मराठीत म्हणाली, "चाचा, सात हजारापर्यंत सूट माझ्या हातात आहे. पुढचं मॅनेजर बघतात."

"हे सात तू दिलेस तर तुझं काय कापतात?" चाचांनी विचारलं.

तिनं मॅनेजरच्या केबिनकडं बघितलं. मग म्हणाली, "माझा इन्सेन्टिव्ह जातो."

"मग ते तुझ्याकडंच राहू दे. मॅनेजरला बोलव."

पवार सरांचा चेहरा पडला. हातातले सात हजार चाचांनी परत दिले होते. पण मॅनेजर आले, बसले, आणि दीड तासानं अकरा हजार सोडून उठले. वर पायाखालचे मॅटही दिले. त्या मॅनेजरशी चाचा मराठीत बोलले, कारण ते घरी मराठी बोलणारे होते. "भावाचं बोलणं माणसाच्या घरच्या भाषेत करावं," असं त्यांचं म्हणणं होतं. "परक्या भाषेत 'न्हाई' म्हणायला सोपं जातं."

आणखी एक गोष्ट ते फार पाळायचे. जुन्या गाडीचा भाव पूर्ण ठरल्याशिवाय नव्या गाडीच्या सुटीचा विषय काढू द्यायचे नाहीत. शोरूमवाले जुन्याचे वीस हजार वाढवून देतात आणि नव्यातली सूट हळूच काढून घेतात. माणूस खूश होऊन घरी जातो. "त्यांनी दोन्ही एका ताटात कालवलं की आपल्याला कशाचीच चव लागत न्हाई," चाचा म्हणायचे. हे मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं.

दोन वर्षांनी आमची पाळी आली. माझ्याकडं एक छोटी निळी गाडी होती. तिच्यावरच मी चालवायला शिकले आणि तिनंच सोलापूर-मंद्रूप जाऊन-येऊन दहा वर्षं काढली. गाडी दिसायला चांगली होती, पण तिच्याविषयी एक गोष्ट मी आणि सुधीर, म्हणजे माझे मिस्टर, आम्ही दोघांनीच आपसात ठेवली होती. एका वर्षी परतीच्या पावसात आमच्या कॉलनीमागचा नाला फुगला आणि गाडी दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. विमा फक्त थर्ड पार्टीचा असल्यामुळं कुठं काही नोंद झाली नाही. ओळखीच्या मेकॅनिकनं सगळं खोलून वाळवलं, आणि ती सुरू झाली. अधूनमधून मीटरचे दिवे आपोआप लागायचे, एकदा काच वर-खाली होईना, एवढंच. नवी घ्यायची ठरली तेव्हा सुधीर म्हणाले, "पाण्याचं कुणाला बोलायचं नाही. पन्नास हजाराचा फरक पडेल." मी बरं म्हटलं.

शोरूमला जायच्या आदल्या दिवशी चाचांनी गाडी दुकानासमोर आणायला सांगितली. बोनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले आणि हात सीटखाली घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग हात बाहेर काढून नखं बघितली.

"बाई, गाडी पाण्यात उभी होती का कधी?"

"नाही चाचा," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. वर्गात पोरं गृहपाठाचं खोटं बोलतात तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखते. चाचांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "बरं. उद्या अकराला."

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या शोरूममध्ये आम्ही तिघं जाऊन बसलो. जुन्या गाडीची किंमत ठरवणारे वाडेकर म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी गाडी फिरवून आणली, टायर बघितले, रंगावर यंत्र लावून बघितलं. जाजम उचललं नाही. चाचा त्यांच्याशी हळूहळू बोलत होते, कुठल्या गावचे, गुडघे दुखतात का, पण भावावर त्यांचा जोर नव्हता. मला ते जाणवत होतं. तरी आकडा दोन लाख दहा हजारावर गेला. सुधीरनी टेबलाखालून माझा हात दाबला. वाडेकर छापील फॉर्म आणायला आत गेले. त्यात गाडीच्या पूर्वीच्या हालहवालाचे रकाने भरून सही करायची होती.

चाचा उठले. सौदा मधेच सोडून ते उठलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मला म्हणाले, "बाई, जरा बाहेर या."

बाहेर पोर्चमध्ये नव्या गाड्यांना हार घालायची जागा होती. तिथं झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. चाचा खालच्या आवाजात म्हणाले, "जाजमाखाली गाळ हाय. काल माझ्या नखात आला."

मी पायानं पाकळ्या बाजूला सारल्या.

"त्यांना दिसलं न्हाई. मी पण सांगणार न्हाई. गाडी तुमची हाय, तोंड पण तुमचंच पाहिजे. शोरूम काय ही गाडी घरी ठेवून घेत न्हाई. कुणीतरी पहिल्यांदा गाडी घेणारा असतो, तो नेतो. फॉर्मवर सही करायच्या आधी सांगून टाका. भाव पडेल. त्यातलं जेवढं निघेल तेवढं मी नव्या गाडीत काढतो. पण तुमी सांगणार नसला तर मी आत येत न्हाई."

"चाचा, सुधीरनी सगळा हिशेब बसवलाय," मी म्हणाले. "आता एवढे पैसे कुठून आणायचे?"

चाचांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही. "मी हितं हाय," म्हणाले.

मी आत गेले. वाडेकरांनी फॉर्म पुढं ठेवला. अपघात, नाही. आग, नाही. पाणी शिरले होते काय. मी तिथं 'नाही' वर खूण केली आणि सही केली. नव्या गाडीवरची सूट सुधीरनी आपली आपणच मागितली. त्यांनी पाच हजार दिले, आम्ही उभ्याउभ्या हो म्हटलं. बाहेर आलो तेव्हा पोर्चमध्ये चाचा नव्हते. वॉचमन म्हणाला, "ते मघाशीच रिक्षानं गेले की."

पंधरा दिवसांनी नवी गाडी घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले. करार होता, कव्हरं त्यांच्याकडंच शिवायची. चाचांनी माप घेतलं, रेक्झिनचे तुकडे दाखवले, दोन दिवसांनी या म्हणाले. दोन दिवसांनी गेले तर काम नेहमीसारखं, टाका न टाका सरळ. पैसे घेतले, मोजले, आणि म्हणाले, "ठीक हाय मॅडम."

आजवर मी त्यांची 'बाई' होते. आमच्याकडं मास्तरणीला सगळे बाईच म्हणतात, त्यात आदरही असतो आणि घरोबाही. मॅडम मी बँकेत असते, झेरॉक्सच्या दुकानात असते. गाडी पेठेतून बाहेर काढेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्या गल्लीत गेले नाही. कुणी गाडी बदलायची म्हटलं की चाचांचं नाव सुचवायचे, सोबत जात मात्र नव्हते.

मंद्रूपचा आठवडी बाजार शाळेपासून जवळ आहे. एके दिवशी शाळा सुटल्यावर मी कांदे घ्यायला गेले, तर रस्त्याच्या कडेला निळी गाडी उभी. नंबर बघायची गरजच नव्हती, मागच्या दाराला मीच पाडलेला पोचा होता. बोनेट उघडून एक माणूस वाकून आत बघत होता. तो वळला तर नागनाथ. त्याची वैष्णवी माझ्या वर्गात. गावात त्याची पिठाची गिरणी. मागच्या सीटवर त्याची आई डोक्यावर पदर घेऊन, दार उघडं ठेवून बसली होती.

"कांबळेबाई, नमस्कार," तो म्हणाला. "बगा की ही गाडी. आईला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला सोलापूरला न्यावं लागतंय, म्हणून घेतली. दिसाया लई चांगली हुती. पर वायरिंग सारखं जातंय. मागच्या मंगळवारी निम्म्या वाटंत बंद पडली. तासभर उन्हात बसली म्हातारी."

"कुठून घेतली?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"सोलापुरातनंच, एका एजंटाकडनं. तो म्हणला, मास्तरीण बाईंची गाडी हाय, एका हातावरची. मास्तरीण म्हणल्यावर आमी जास्ती बघितलंच न्हाय." तो हसला. त्याला त्यात काही लागट बोलायचं नव्हतं. कागदपत्रं सगळी एजंटानंच केली होती, आणि शाळेत उभ्या असणाऱ्या माझ्या गाडीकडं त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं; ती मास्तरीण कोण, हे त्याला माहीतच नव्हतं.

मी दोघांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. म्हातारी वाटेत म्हणाली, "लेकरा, तुझी गाडी लई गार हाय गं." त्या दिवशी मी त्यांना काहीच सांगू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून सरळ भवानी पेठेत गेले. चाचा मशीनवर होते. मी फोमच्या लादीवर बसले आणि सगळं सांगितलं. नागनाथ, त्याची आई, एजंटाचं ते वाक्य. चाचांनी मशीन थांबवली होती. माझं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारी गिरणी चालू असती का त्याची?"

"सकाळी असते."

"मग दुपारी जाऊ."

रविवारी सुधीरही आले. त्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मी पण येतो. बोललो मीच होतो तेव्हा." नागनाथच्या अंगणात बाज टाकली होती. चाचा तिच्यावर बसले, नागनाथला शेजारी बसवलं, आणि माझ्याकडं बघितलं. तोंड माझंच पाहिजे होतं. मी उभी राहूनच सांगितलं. गाडी आमची होती, पाण्यात उभी राहिली होती, मला माहीत होतं, आणि मी फॉर्मवर 'नाही' वर खूण केली.

नागनाथ बाह्यांवरचं पीठ झटकू लागला. वैष्णवी दारात उभी होती, तिला तिच्या आजीनं आत बोलावून घेतलं. मग तो म्हणाला, "राहू द्या बाई. तुमी काय मला इकली न्हाय. झालं ते झालं."

"राहू द्या न्हाई," चाचा म्हणाले. "बोलू की आपण."

आणि मग जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चाचा सौदा करू लागले, पण माझ्या विरुद्ध. मी वायरिंगचा खर्च देते म्हटलं. नागनाथ म्हणाला, निम्मा द्या, बास झालं. चाचा त्याला म्हणाले, "निम्मा कशाला? वायर निम्मी कुजली का?" मी पूर्ण म्हटलं. नागनाथ संकोचून म्हणाला, "हे लई हुतंय." चाचा म्हणाले, "गाडी दुरुस्तीला जाईल ते आठ-दहा दिवस. म्हातारीला दवाखान्यात कोण नेणार? जीपगाडीचं भाडं कोण देणार?" नागनाथ नको म्हणायचा आणि चाचा एक एक गोष्ट वाढवायचे. सुधीर माझ्याकडं बघायला लागले. शेवटी नागनाथ हात जोडून म्हणाला, "चाचा, तुमी माझ्याकडनं हायसा का माझ्या अंगावर?" म्हातारी आतून हसली, आणि त्या घरात शिरल्यापासून मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

ठरलं ते असं. चाचांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून सगळं वायरिंग नवं, खर्च आमचा. जाजम काढून पत्रा घासून रंगवायचं काम चाचांचं, त्याचे पैसे आमच्याकडून, पूर्ण. आणि गाडी परत येईपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी म्हातारीला सोलापूरला सुधीरनी न्यायचं. हे शेवटचं कलम सुधीरनी स्वतःच घातलं. त्यासाठी त्यांनी कचेरीतून रजा काढल्या.

येताना चाचा पुढं बसले. मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही वाडेकरांना सरळ सांगितलं असतं तर? हे काहीच झालं नसतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुणाकडूनही आधी ऐकलं नव्हतं. तरुण असताना ते एका जुन्या गाड्यांच्या एजंटासाठी कव्हरं शिवायचे. एका जीपच्या सीटखालचा पत्रा गंजून गेला होता. एजंट म्हणाला, झाकून टाक. चाचांनी वर जाड फोम घालून झकास कव्हर शिवलं. महिन्याभरात एका खड्ड्यात ती सीट पत्र्यासकट सुटली आणि घेणाऱ्याच्या बायकोचा हात मोडला. "त्या एजंटाला मीच सांगितलं होतं, पत्रा गेलाय. तो म्हणला, तू झाक, गिऱ्हाइकाला मी सांगतो. सांगितलं न्हाई. तवापास्नं मी सीटखाली हात घालतो," चाचा म्हणाले. "पण दुसऱ्याच्या वतीनं सांगत न्हाई. मी सांगितलं असतं तर तुमी मला शिव्या देऊन सुटला असता, केलेलं तुमच्या अंगावर आलंच नसतं, बाई."

बाई म्हणाले ते. मी गाडी चालवत होते म्हणून बरं झालं, नजर रस्त्यावर ठेवता आली.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या दुकानात पुन्हा पहिल्यासारखी जाऊ लागले. मशीनच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागायचं. त्यांचा डावा डोळा कमी दिसायला लागला होता, सुईत दोरा मी ओवून द्यायचे. नागनाथच्या गाडीनं पुढं त्रास दिला नाही, हे ते मला दर खेपेला विचारून घ्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते विजापूरला लेकीकडं गेले आणि तिथंच झोपेत गेले. आम्हाला कळलं तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. चाची सोलापूरला परत आल्यावर मी भेटायला गेले. दुकानामागच्याच दोन खोल्यांत ते राहायचे. चाचींनी चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग मी मनात राहिलेलं बोलून टाकलं. म्हणाले, "चाची, वर्षभर चाचा माझ्यावर रागावले होते. ते मला अजून लागून राहिलंय."

"रागावले होते? कोण बोललं तुमाला?" मग कप खाली ठेवून त्यांनी सांगितलं. शोरूममधून रिक्षानं घरी आले त्या दिवशी चाचा जेवले नाहीत. संध्याकाळी पुन्हा रिक्षा करून शोरूमला गेले होते, तोवर ते बंद झालं होतं. पुढं कितीतरी दिवस एकच बोलायचे, मी उगाच निघून आलो, बाईंना तिथं एकटं सोडलं, आणखी दहा मिनिटं दारात थांबलो असतो तर त्या बाहेर येऊन, हो, सांगते म्हणाल्या असत्या. "तुमच्यासमोर यायची लाज वाटायची त्यांना," चाची म्हणाल्या. "मला म्हणायचे, बाईंना काय तोंड दाखवू."

मी चहा संपवला. मी खरंच बाहेर येऊन हो म्हणाले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. मी स्वतःला ओळखते, आणि मला तसं वाटत नाही. पण चाचांना मात्र त्याची शेवटपर्यंत खात्री होती.